विहिरीत सोडलेलं मखर

८ जानेवारी

देवासहून एका बाईंचा फोन. तिथल्या महिला मंडळाच्या. दिवाळी अंकातला माझा मखरावरचा लेख त्यांच्या हाती आत्ता पडला. यंदा गणपतीत त्यांनाही तसंच मखर करायचं आहे, जुने कीबोर्ड, मदरबोर्ड, बंद पडलेले मोबाइल, सीड्या लावून. पुष्कळ स्तुती केली. खोटं कशाला लिहू, ऐकायला बरं वाटत होतं.

शेवटी म्हणाल्या, "नंतर ते सगळं कुठं दिलंत? आम्हाला पण पत्ता द्या ना."

म्हटलं, मेसेज करते.

फोन ठेवल्यावर लेख काढून वाचला. शेवटून दुसरं वाक्य: 'उत्सव संपला आणि सारं जिथं जायला हवं तिथं गेलं.' वाक्य चांगलं आहे. लिहिताना फक्त त्याच्या चालीकडे लक्ष होतं. कुठं गेलं, ते मला माहीत नाही.

मुकुंदकाकांना विचारायचं. त्यांनीच नेलं होतं.


१० जानेवारी

काकांकडे जाऊन आले. बाबा गेल्यापासून मला मिनू म्हणणारं हे एकच घर उरलंय. काका आणि बाबा एकाच बँकेत होते. निवृत्त झाल्यापासून आमच्या कॉलनीच्या मंडळाची पूजाअर्चा काकांकडे. काकू संक्रांतीचे तीळ निवडत बसल्या होत्या.

विचारलं, गणपतीचं मखर कुठं दिलं होतं?

"दिलं नाही, सोडलं," काका म्हणाले.

मानपूरला त्यांचं वडिलोपार्जित शेत आहे. तिथल्या विहिरीत. लोडिंग रिक्षा करून नेलं, विहिरीच्या काठावर आरती केली, आणि सोडलं. त्यांच्या घरातल्या भंगलेल्या मूर्ती, जीर्ण पोथ्या, फुटक्या तसबिरी, सगळं आजोबांच्या काळापासून त्याच विहिरीत जातं.

"दहा दिवस देवाच्या पाठीशी उभं होतं ते, मिनू. हळदकुंकू वाहिलंय त्याच्यावर. कबाडीवाल्याच्या हातोड्याखाली कसं देऊ?"

एखादं काम मनासारखं पार पाडलेल्या माणसाचा चेहरा होता त्यांचा.

मूर्ती आम्ही शाडूची आणली होती. पाण्याच्या बादलीत विसर्जन केलं, माती तुळशीच्या कुंड्यांत घातली. निर्माल्य वेगळ्या पिशवीत. कॉलनीत टूथपेस्टचं टोपणसुद्धा लोक सुक्या कचऱ्यात बघून टाकतात. आणि मखर विहिरीत.

विहीर कुणी वापरतं का, हे विचारणार होते. तेवढ्यात काकू चहा घेऊन आल्या. राहिलं. राहिलं म्हणजे, मी राहू दिलं.


११ जानेवारी

देवासच्या बाईंना मेसेज केला: पत्ता शोधून कळवते.

पत्ता होता की. सप्टेंबरमध्ये रिसायकलवाल्याशी मीच फोनवर बोलले होते. तो म्हणाला होता, मॅडम, आधी सोडवून ठेवा, लाकूड वेगळं, थर्माकोल वेगळं, बोर्डावरचं फेव्हिकॉल काढा, मग गाडी पाठवतो. विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी सगळे गळून गेलेले. हे चिकटवलेलं सोडवत कोण बसणार? मी काकांना म्हटलं, तेवढं तुम्ही बघाल ना? सोडवायचं असतं, कुणी न्यायला येणार असतं, यातलं एक अक्षर सांगितलं नाही. घरी येऊन लेख लिहायला बसले.

चिकटवायला मात्र आम्ही पंधरा-वीस बायका होतो. हसत-खिदळत, कचोरी खात.


१९ जानेवारी

सुहास सकाळी सहज म्हणाला, इन्व्हर्टर फार आवाज करतोय, ही बॅटरी पण जाणार बहुतेक.

हातातला कप तसाच राहिला.

जुनी बॅटरी. आमची. वर्षभर गॅलरीत पडलेली. मखर उंच झालं होतं आणि सभागृहातल्या पंख्यांनी डुलत होतं. मीच सुचवलं, बुडाशी वजन ठेवू या, आमच्याकडे बॅटरी पडली आहे. सु. आणि शेजारच्या दोघांनी उचलून नेली. खालच्या खोक्यात बसवली, वरून जरीचं कापड.

सु.ला विचारलं, ती परत आणली होतीस ना?

"मला वाटलं तू कुणाला दिलीस."

मला वाटलं त्यानं दिली.

शिसं आणि तेजाब. अर्ध्या मिनिटात फोनवर वाचून झालं. लेख लिहिण्याआधीही एवढंच लागलं असतं.


१ फेब्रुवारी

हे लिहायलाच हवं.

आज माघी गणेश जयंती. मंडळात अथर्वशीर्ष, मग आरती. काका तीर्थ देत होते. मी ओंजळ पुढे केली. त्यांनी पळीनं तीर्थ घातलं आणि म्हणाले, "आपल्या मानपूरच्या विहिरीचं आहे. कॅन भरून आणतो दर आठवड्याला. नळाच्या पाण्याला ही गोडी कुठली."

तळहातावर ते पाणी. वर तुळशीचं पान.

मी ओठांना लावल्यासारखं केलं, डोळ्यांना लावलं, केसांवरून हात फिरवला. मागं माझी रेवा होती. तिनं घेतलं, प्यायली. तिच्यामागं अंजलीवहिनी, मग त्यांची नात. रांग दारापर्यंत होती. काका प्रत्येकाला म्हणत होते, "घ्या, घ्या, पुन्हा घ्या."

मी चपला शोधत उभी राहिले.

एक शब्द बोलले नाही. देवापुढं, इतक्या लोकांत, काकांना कसं... असं तेव्हा वाटलं. आता वाटतं, काकांची लाज नव्हती राखायची मला. माझीच.


२ फेब्रुवारी

रेवाला सांगितलं. ती राऊच्या कॉलेजला जायला निघाली होती. बॅग खांद्यावर तशीच ठेवून ऐकत राहिली.

म्हटलं, एवढ्याशा पाण्यानं काही होत नाही, पळीभर तर होतं.

"ते मला पण माहीत आहे," ती म्हणाली. "मी पीत होते तेव्हा तू बघत होतीस?"

हो.

"मग तू का नाही प्यायलीस, आई?"

गेली. दुपारी मेसेज आला: 'मुकुंदआजोबा रोज पितात ते.' पुढं काही नाही.


५ फेब्रुवारी

काकांना सांगितलं. काकूंसमोरच सांगितलं, त्यांनाही कळायला हवं. बोर्डांमध्ये काय असतं, मोबाइलच्या बॅटऱ्यांत काय असतं, ते पाण्यात हळूहळू कसं उतरतं. उतरलं आहेच असं मला ठाऊक नाही, हेही सांगितलं. इन्व्हर्टरच्या बॅटरीपाशी आले आणि थांबले. नाही सांगितली. इतकं सांगितलं हेच पुष्कळ झालं असं वाटलं त्या क्षणी.

काका उठून देवघरात गेले. तांब्यातलं पाणी बेसिनमध्ये ओतलं, तांब्या पालथा घातला.

"चार महिने देवाला हेच घालतोय मी." मग काकूंकडे बघून, "आणि हिला."

काकू म्हणाल्या, "मला काही झालेलं नाही. उगीच तिला घाबरवू नका." घाबरवलं मी होतं, पण त्यांनी ते काकांच्या नावावर टाकलं. अशाच आहेत त्या.

काकांनी तिथूनच मानपूरला फोन लावला. गोपाल आणि रामकुंवर, नवरा-बायको, शेत बटाईनं करतात, राहतात तिथंच. विहिरीचं पाणी पिऊ नका, असं सांगितलं. पलीकडून गोपाल म्हणाला, वोई तो पी रिया हां दादा, बोअर उतर गया है.

काका म्हणाले, हँडपंपावरून आणा. तो म्हणाला, हऊ.

त्याच्या 'हऊ'त होकार किती आणि काकांचा मान किती, कळलं नाही.


९ फेब्रुवारी

मंडळाची बैठक. तीर्थ घेतलेल्या सगळ्यांना सांगायला हवं, असं मी म्हटलं.

अंजलीवहिनी अध्यक्ष. म्हणाल्या, "अगं, कुणाला काही झालं का? नाही ना? मग तू आत्ता हे काय काढून राहिली? शहराच्या स्वच्छतेची पाहणी सुरू होतेय, टीम कॉलनी-कॉलनीत फिरणार. आपलं नाव मखरासाठीच तर गेलंय वर."

मी म्हटलं, म्हणूनच.

"लेख तुझाच होता ना? तेव्हा आम्हाला विचारून लिहिला होतास का, की सगळं जिथं जायला हवं तिथं गेलं म्हणून?"

कुणीतरी हसलं. बरोबरच होतं त्यांचं.

तेवढ्यात काका उठले. खुर्चीच्या पाठीला धरून म्हणाले, "मखर मी सोडलं. कुणाला विचारलं नाही. तीर्थही मीच दिलं. माझी चूक आहे, मी ते काढतो. ज्यांनी घेतलं त्यांनी मला क्षमा करावी." आणि हात जोडले. आयुष्यभर ज्यांच्यापुढं लोकांनी हात जोडले त्या माणसानं.

मग सगळे एकदम मऊ झाले. नाही हो काका, असं काय काका. चहा आला.

मी तेव्हा उभं राहून म्हणायला हवं होतं: बॅटरी माझी, रिसायकलवाल्याला फोन मी केला होता, काकांना मी सांगितलं नव्हतं. म्हटलं नाही. चहा प्यायले.


१० फेब्रुवारी

शरम.


२ मार्च

मानपूरला जाऊन आले. काका, सु., मी.

महूच्या पुढं लष्कराचे ट्रक लागले, गाडी अडकली. तिथं सांगितलं. मागच्या सीटवरून, काकांच्या पाठीकडे बघत. काका, मखराच्या बुडाशी आमची इन्व्हर्टरची बॅटरी होती. आणि रिसायकलवाल्यानं काय सांगितलं होतं तेही मी तुम्हाला सांगितलं नाही.

सु. गाडी चालवत होता, त्यानं माझ्याकडे आरशात पाहिलं.

काका म्हणाले, "बॅटरी माहीत आहे. उचलताना कळलंच की वजन. मला वाटलं, देवाच्या आसनाखालची आहे, तीही जाऊ दे." थोड्या वेळानं, "रिसायकलवाल्याचं माहीत नव्हतं."

ट्रक गेले.

शेत सुंदर आहे, हेच वाईट वाटलं. गहू पिवळा पडलेला. मधोमध चण्याचा तुकडा, आणि त्यावर दोऱ्या बांधून सीड्या लटकवलेल्या, उन्हात चकाकणाऱ्या. मखरातल्याच. पोपट येत नाहीत म्हणे. रामकुंवर खुशीत दाखवत होती, दादा काम की चीज भी फेंक गया. गोठ्यामागं जमीन काळी पडली होती. विचारलं तर गोपाल म्हणाला, थर्माकोलबरोबर वर तरंगत होत्या त्या वायरी काढल्या, जाळल्या, तांब्याचे पैसे आले. जाळताना वास फार आला, म्हैस दावं तोडायला लागली होती.

मी लेखात त्या वायरींना 'वेलींसारख्या' म्हटलं होतं.

विहीर दगडी बांधणीची. वाकून पाहिलं. पाणी हिरवट, शांत. थर्माकोलला चिकटलेला एक कीबोर्ड अजून तरंगत होता, पालथा. बाकी सगळं खाली.

मग झोपडीतून त्यांची मुलगी आली. कविता. पहिलं बाळंतपण, सातवा महिना, म्हणून माहेरी आलेली. हातात पितळी लोटा. मी विचारलं, पाणी कुठलं पितेस गं? ती लाजून आईकडे बघायला लागली. रामकुंवर म्हणाली, "हँडपंप को पाणी खारो हे बाई. इके उलटी आवे. कुआ को तो मीठो हे."

फोन केल्याला महिना होत आला.

मी रामकुंवरला पुन्हा सगळं सांगितलं. तिनं मान हलवली. माझी हिंदी तिला कळत होती. पण गोड लागणारं पाणी वाईट कसं, हे मी कुठल्याच भाषेत सांगू शकले नाही.

काकांनी तिथंच मानपूरच्या टँकरवाल्याला बोलावून ठरवलं. एक दिवसाआड टँकर येईल. गहू कापला की विहीर उपसायची.


१४ मार्च

धुळवड. दारात रंग खेळणारे येऊन गेले. मी कविताच्या आठव्या महिन्याचा विचार करत होते. सु. म्हणाला, "तू डॉक्टर नाहीस, तुला काही माहीत नाही, उगीच मनात काहीतरी वाढवते आहेस." खरं आहे. माहीत नाही हेच तर.

रेवानं गालाला रंग लावला. त्या दिवसानंतर पहिल्यांदा जवळ आली.


२९ मार्च

आज विहीर उपसली. रेवाही आली होती, स्वतःहून.

महूकडची विहिरी साफ करणारी माणसं. मी रबरी हातमोजे आणि गमबूट नेले होते. त्यांनी हातमोजे घातले, बूट कपारीत पाय टेकत नाही म्हणून काढून ठेवले. आत उतरण्याआधी हवा चांगली आहे का बघायला कंदील सोडून पाहिला.

त्याआधी पंप. पंपवाल्यानं पाइप सोडवला आणि विचारलं, "पानी किधर छोड़ूं?"

याचा विचार कुणीच केला नव्हता. मी महिनाभर हेच एक डोक्यात घेऊन बसले होते आणि हे सुचलं नाही. नाल्यात सोडलं तर खालच्या शेतांत. खालच्या शेतांत कोण आहे, मला माहीत नाही. रस्त्याकडे सोडलं तर खळग्यात साचणार, ढोरं पिणार. पंपवाला आमच्या तोंडांकडे बघत उभा.

"माझ्याच शेतात सोड," काका म्हणाले.

कापलेल्या गव्हाच्या धसकटांतून पाणी पसरत गेलं. बगळे आले. गोपाल बाजूला उभा राहून बघत होता. शेत काकांचं, पण नांगर त्याचा. त्याला कुणी विचारलं नाही. मीही नाही. हे आता लिहिताना दिसतंय.

मग वस्तू वर यायला लागल्या. टोपलीतून, दोरानं. मदरबोर्ड चिखलानं भरलेले. कीबोर्डची सुटी बटणं. मोबाइल, काही फुगलेले. कमानीचं प्लायवूड भिजून पुस्तकासारखं पानापानांनी उलगडलेलं. आणि त्यांच्याबरोबर देव. खापराचे, पितळेचे, संगमरवराचे, कुणाचा हात नाही, कुणाची सोंड. एक छोटी अन्नपूर्णा आली, हातातली पळी तुटलेली. काका तिला धोतराच्या सोग्यानं पुसत बसले. म्हणाले, आजीच्या पूजेतली, मी शाळेत असताना सोडली होती.

मदरबोर्ड आणि देव एकाच ताडपत्रीवर. रेवानं देव हळूच वेगळ्या बाजूला काढले. कुणी सांगितलं नव्हतं.

बॅटरी दुपारी आली. दोराला ताण आला तेव्हाच मला कळलं. कोपरा फुटलेला, टाकताना दगडावर आपटली असणार. सु.नं तिरपी करून पाहिली. आतून गढूळ पाणी आलं, विहिरीचंच. तेजाब केव्हाच गेलं होतं.

तिच्यावर आमचं आडनाव आहे. दुकानदारानं पांढऱ्या रंगानं लिहिलेलं. रामकुंवर जवळ उभी होती. तिनं विचारलं, ही कुणाची?

"म्हारी," मी म्हटलं. चुकीची मालवी असेल. पण म्हटलं.

तिनं बॅटरीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. कविताला म्हणाली, तू आत जा.


३० मार्च

गुढीपाडवा. काकांकडे नमस्काराला गेले. त्यांनी देवापुढं तीर्थ ठेवलंच नव्हतं. नुसती साखर दिली हातावर.

म्हणाले, कॉलनीतल्या दोन घरांनी यंदा त्यांना गुढीच्या पूजेला बोलावलं नाही. मग लगेच, "बरंच झालं, गुडघे दुखतात."

मी सगळ्यांना सांगितलंय एव्हाना, बॅटरीचं आणि फोनचं. घरोघरी जाऊन. तरी त्या दोन घरांनी आम्हाला पुरणपोळी पाठवली.


४ एप्रिल

रिसायकलवाल्याची गाडी येऊन माल घेऊन गेली. यावेळी सोडवून, धुऊन दिला. अंगणात बसून तीन दुपारी मी आणि रेवा स्क्रू काढत होतो. अंजलीवहिनी दुसऱ्या दुपारी येऊन बसल्या, पेचकस स्वतःचा घेऊन. म्हणाल्या, "बघू दे तरी, मी काय काय चिकटवलं होतं." बैठकीचा विषय त्यांनी काढला नाही, मीही नाही.

मी त्याच्या शेडवर जाऊन आले. बघू द्याल का म्हटलं, तर बिचारा खुशाल म्हणाला, आओ. मोठी शेड आहे, माणसं मास्क लावून बसलेली, सगळं वेगवेगळ्या ढिगांत. बरं वाटलं. मग विचारलं, इथून कुठं जातं?

"आगे जाता है, मैडम."

आगे कहाँ?

"आगे वाली पार्टी के पास."

आणि त्यांच्याकडून?

तो हसला. उद्धट नव्हता. त्याला खरंच इतकंच माहीत होतं. माझी विचारायची सवय नवी आहे, पण मी किती पुढंपर्यंत विचारत जाऊ शकते?

गाळ घ्यायला त्यानं नाही म्हटलं. गाळ त्याच्या कामात येत नाही. तो अजून शेताच्या कडेला ताडपत्रीखाली आहे. पावसाआधी काहीतरी करायला हवं. काय, ते कुणी सांगत नाही.


६ एप्रिल

देवासच्या बाईंना फोन केला. तीन महिन्यांनी. सगळं सांगितलं, पहिल्यापासून.

त्या म्हणाल्या, "मग आम्ही करावं की नाही मखर?"

म्हटलं, चिकटवायला बसाल तेव्हाच ठरवा, सोडवायला कोण बसणार. आणि सोडवून झालं की कुणाच्या दारात जाणार.

"मंडळात विचारते," त्या म्हणाल्या. आवाज उतरला होता. त्यांचा आनंद घालवला मी.

संपादकांनाही फोन केला, लेखातलं ते वाक्य खोटं आहे, दुरुस्ती छापाल का म्हणून. ते मनापासून हसले. ताई, दिवाळी अंकात दुरुस्ती कोण छापतं? त्यापेक्षा यावर नवा लेख द्या, छान होईल.

छान होईल, याचीच भीती वाटते.


१९ एप्रिल

मानपूर. एकटीच गेले. ऊन कडक. विहिरीला पुन्हा झरे लागलेत, माणूसभर पाणी साठलंय. दिसायला अगदी स्वच्छ, खालचा दगड दिसतो. प्रयोगशाळेनं सांगितल्याप्रमाणे दोन बाटल्या भरून घेतल्या. सोमवारी द्यायच्या, अहवाल आठ-दहा दिवसांनी. शेतातल्या मातीचंही घ्या म्हणालेत. तीही घेतली.

रामकुंवरनं विचारलं, "कद तक नी पियां?"

म्हटलं, कागद येईपर्यंत. आणि कागदात वाईट आलं तर? तिनं विचारलं नाही, मीच मनात विचारलं. तर काय, टँकर किती दिवस?

टँकर काल आला नव्हता. आज येतो म्हणालाय.

निघताना रहाटाकडे नजर गेली. दोर ओला होता. वरपर्यंत ओला, नुकताच काढल्यासारखा. बाटल्या तर मी माझ्या सुतळीनं भरल्या होत्या.

या वेळी विचारलं. रामकुंवरला सरळच विचारलं, दोर ओला कसा?

"ढोरां के वास्ते," ती म्हणाली. "ढोर तो टँकर को पाणी कद पूरो पड़े, बाई?"

बरोबर आहे. ढोरांचं मी म्हटलंच नव्हतं. ढोरांचा विचारच केला नव्हता.

मग कविता चहा घेऊन आली. नववा लागेल आता, पाय सुजलेत. जपून खाली वाकून कप ठेवला. घट्ट, दुधाळ चहा, वर साय. दूध घरच्याच म्हशीचं. ती स्वतःचा कप घेऊन समोर बसली आणि फुंकर घालत प्यायला लागली. मी कप धरून बसले. तिला म्हणणार होते, दूध नको घेऊस. पण मग काय घे म्हणणार? आठव्या महिन्यातल्या पोरीला, तिच्या आईच्या दारात.

ती म्हणाली, चाय ठंडी हो री है, बाई.

प्यायले. पूर्ण प्यायले.

घरी आल्यावर बाटल्या फ्रिजमध्ये दारातल्या कप्प्यात ठेवल्या. सु. तहानलेला आला होता, त्यानं एक उचललीच. मी ओरडले. मग कागद चिकटवला, मोठ्या अक्षरांत: पिऊ नका.

मानपूरला फोन लावतेय तासभर. दुधाचं सांगायला. गोपालचा फोन लागत नाही, बंद असेल. टँकर आला का, तेही कळलेलं नाही.